चार्ज घेताना पावती पुस्तकं मोजा: नव्या ग्रामसेवकांसाठी

नोकरीतलं माझं पहिलं गाव साडेतीनशे उंबऱ्यांचं होतं. पहिल्याच एप्रिलमध्ये घरपट्टीची बिलं वाटायला मी शिपायाबरोबर स्वतः फिरलो. वरच्या आळीत एका आजींनी बिल घेतलं, आत गेल्या आणि देव्हाऱ्याखालून घडी घातलेली पावती घेऊन आल्या. "भाऊसाहेब, हे पैसे मी दिवाळीच्या आधीच भरलेत." पावती खरी होती, शिक्का आणि सहीसुद्धा. माझ्या नमुना 9 मध्ये, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत, मात्र त्यांच्या नावापुढे थकबाकी. मी म्हणालो, "आजी, दप्तरात नोंद नाही." त्या म्हणाल्या, "मग माझं काय चुकलं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या पंधरा दिवसांत अशा 19 पावत्या निघाल्या.

2024 पासून आपल्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव काहीही असो, गावाच्या वर्षभराच्या कामाचा पाया म्हणजे तुम्हाला हाती मिळालेलं दप्तर. मी ते एका दुपारी, दोन तासांत घेतलं. आधीच्या साहेबांना दुसऱ्या तालुक्यात हजर व्हायचं होतं, चार्ज यादी टाईप होऊन तयार होती. यादीत लिहिलं होतं, 'पावती पुस्तके, 6'. मी कपाटातला गठ्ठा पाहिला आणि सही केली. गठ्ठ्यात पाचच पुस्तकं होती. सहाव्यातल्या पावत्या गावात वाटून झाल्या होत्या आणि ते पुस्तक कागदोपत्री माझ्या ताब्यात होतं.

म्हणून हे जरा लांबण लावून सांगतो. नुसती पुस्तकांची संख्या मोजू नका. प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतचे पावती क्रमांक यादीत लिहून घ्या. नमुना 7 ची, म्हणजे सर्वसाधारण पावतीची पुस्तकं वेगळी, कराच्या नमुना 10 ची वेगळी. कोरी, अर्धवट वापरलेली आणि संपलेली असे तीन ढीग करा. संपलेल्यातल्या कुठल्याही दहा स्थळप्रती, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या प्रती, उघडा आणि प्रत्येक पावती चार ठिकाणी शोधा: स्थळप्रतीवर, त्या दिवसाच्या रोकड वहीत म्हणजे नमुना 5 मध्ये, बँकेच्या भरणा चलनात आणि नमुना 9 मध्ये त्या कुटुंबाच्या नावापुढे. माझ्या गावात बहुतेक पावत्या पहिल्या तीन ठिकाणी सापडत होत्या, चौथ्या ठिकाणी नाही. पैसे बँकेत पोचले होते, नोंद माणसापर्यंत पोचली नव्हती. सहाव्या पुस्तकाच्या बाबतीत तर काहीच सापडलं नाही.

तीच गत बँक खात्यांची. ग्रामनिधी, पाणीपुरवठा, वित्त आयोग, प्रत्येक खात्याचं पासबुक त्याच दिवसापर्यंत भरून घ्या आणि रोकड वहीतली शिल्लक त्याच्याशी जुळवा. कोरे चेक मोजा. बांधकामांची मोजमाप पुस्तिका आणि लेखापरीक्षणाच्या प्रलंबित आक्षेपांची नोंदवही मागून घ्या. जे मिळालं नाही त्यापुढे 'मिळाले नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा. समोरचा माणूस रागावेल. रागावू द्या. माझ्या गावचं लेखापरीक्षण झालं तेव्हा सहाव्या पुस्तकाचा खुलासा मलाच द्यावा लागला, कारण यादीवर सही माझी होती. ते आठ महिने मला नीट झोप नव्हती.

बाकीचं वर्ष त्या मानाने सरळ आहे, फक्त तारखा अंगवळणी पडाव्या लागतात. एप्रिलमध्ये कराची मागणी आणि बिलं. पावसाळ्याआधी नालेसफाई आणि पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा. पावडर उघडी राहिली की तिच्यातलं क्लोरीन उडतं, म्हणून गेल्या वर्षीची पोती वापरू नका. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य खातं पाण्याचे स्रोत तपासून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. लाल कार्ड आलं तर ते फाईलला लावून थांबू नका, त्याच दिवशी विहिरीवर जा. जन्ममृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी म्हणून आशाताईंशी दर आठवड्याला बोला. उशीर झाला की शाळेच्या प्रवेशाच्या वेळी त्या पोराच्या आईबापाला हेलपाटे पडतात.

ग्रामसभांबद्दल माझं मत ठाम आहे. गणपूर्ती म्हणजे 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी असेल तो आकडा. ती होत नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पाच जणांत गावाच्या विकासाचा वर्षाचा आराखडा मंजूर करायचा, ही वाट कायद्यात बसते, तरी ती धरू नका. दवंडी द्या, महिला सभा खरोखर घ्या. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधील होता. अशा बांधील निधीतून रस्ता करता येत नाही, हे सभेतच फळ्यावर लिहून सांगितलं तर लोक समजून घेतात. न सांगता आराखडा केला की वर्षभर भांडणं चालतात.

शेजारच्या गावाचा आराखडा नाव बदलून भरणं, डिजिटल सहीचा डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं, असे आडमार्ग तुम्हाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी दाखवेल. तुमच्या सहीने गेलेल्या पैशाला तुम्हीच जबाबदार. 'चालतं' म्हणणाऱ्या ज्येष्ठांपासून लांब राहा. मला खरं काम शिकवलं ते एका निवृत्त ग्रामविकास अधिकाऱ्यांनी. ते रोज संध्याकाळी रोकड वही बंद केल्याशिवाय घरी जात नसत. तालुक्यात असा एक माणूस असतोच, त्याला शोधा.

आणि पाटोदा, हिवरे बाजार ही आदर्श गावं पाहून घाबरू नका. पाटोद्यात कर भरणाऱ्याला दळण मोफत मिळतं, हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. तिथवर जायला त्या गावांना अनेक वर्षं लागली. तुमच्या पहिल्या वर्षात नमुना 9 खरा झाला, तरी गावाचं मोठं काम झालं. लोक पहिल्यांदा कर भरायला कां-कूं करतात, पण भरलेला पैसा वहीत दिसला की पुढच्या खेपेला स्वतःहून येतात. आमच्या गावात मी दवंडी दिली, सगळ्यांच्या जुन्या पावत्या मागवल्या, झेरॉक्स काढून नोंदी दुरुस्त केल्या. आजींच्या नोंदीचा उतारा मी त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवला.

तुम्ही चार्ज आधीच घेतला असेल, न मोजता, तरी वेळ गेलेली नाही. आज संध्याकाळी पुस्तकं मोजा. तफावत निघाली तर उद्याच गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पत्राच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय पंचायत समितीतून बाहेर पडू नका.