विश्वास डळमळला की मी काय करायला सांगते

संशय आलाय हे आधी देवालाच सांगा. भाषा सजवू नका. बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा: "किती काळ मला विसरणार?" असं दावीद देवाला तोंडावर विचारतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

मग संशय नेमका कशाचा, ते वहीत एका ओळीत लिहा. मिरजेला नर्स म्हणून रात्रपाळ्या केल्या, त्यात एक गोष्ट कळली: पहाटे तीनला आलेला प्रश्न बऱ्याचदा झोपेचा असतो. जेवा, झोपा, सकाळी वही पुन्हा वाचा. तरी तो उरलाच, तर पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे न्या. "फक्त विश्वास ठेव" म्हणून वाटेला लावणाऱ्याकडे नको, बाई!

प्रार्थना सुचत नसेल तर मार्कच्या शुभवर्तमानातल्या (९:२४) आजारी पोराच्या बापाचं वाक्य पुरे: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशूने त्याला परत पाठवलं नाही, पोराला बरं केलं.

रविवारची उपासना मात्र चुकवू नका. गाता येत नसेल तर मागच्या बाकावर नुसतं बसा. येशू मरणातून उठला यावर त्याच्या थोमा नावाच्या शिष्याने संशय घेतला, तरी तो बाकीच्या शिष्यांतच राहिला, म्हणून आठ दिवसांनी येशू आला तेव्हा तो तिथे होता.