पेनसिल्व्हेनियात डिअर सीझनची, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या हंगामाची, तारीख बदलायचीय? बिलाआधीची तयारी

पहिलं म्हणजे थेट राजधानी हॅरिसबर्गला आमदाराकडे धावू नका, आधी बघा तारीख ठरवतं कोण. इथे सीझन गेम कमिशन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारी राज्याची संस्था, ठरवतं, जानेवारीच्या मीटिंगमध्ये कच्च्या तारखा, एप्रिलमध्ये फायनल. जानेवारी, एप्रिल. लिहून ठेवा. मागच्या खेपेला बाकी सगळं केलं आणि नेमकं हेच राहिलं, बिलावर कोणी बोलायला लागेपर्यंत एप्रिल उलटून गेला होता.

2019 ला ओपनिंग डे, म्हणजे सीझनचा पहिला दिवस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) सोमवारवरून शनिवारवर आला तो बिलाने नाही, कमिशनच्या मतदानाने. म्हणजे सोमवार परत हवा असेल तर आधी जानेवारीच्या मीटिंगला जाऊन बोला, कायदा करून कमिशनचे हात बांधणं हा शेवटचा उपाय. रविवारचं वेगळं, रविवारी शिकारीवर बंदी कायद्यातच होती म्हणून कायदा बदलावा लागला, 2019 च्या कायद्याने तीन रविवार मिळाले, 2025 ला बंदीच उठली, पण कुठले रविवार हे परत कमिशननेच ठरवलं! बिल पास झालं तरी कमिशन सुटत नाही, कळलं ना?

आमदाराला फोन, पत्रं, हे सांगायला नको. को-स्पॉन्सर (बिलावर सोबत नाव देणारे आमदार) दोन्ही पक्षांचे घ्या. शेतकऱ्यांना मात्र आधी भेटा, नंतर नाही. फार्म ब्युरोचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेचा, रविवारच्या शिकारीला वर्षानुवर्षं विरोध होता, 2019 च्या कायद्यात विनापरवानगी घुसणाऱ्यांवरचे नियम कडक केले आणि रविवारी खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी लागेल असं घातलं, ते उगाच नाही. आणि सगळे शिकारी आपल्याच बाजूने आहेत असं धरून चालू नका, कॅम्पवाल्यांना (जंगलातल्या शिकारी कॅम्पवर जाणाऱ्यांना) सोमवार हवा, कारण वीकेंडला निवांत पोचता येतं आणि बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी असते, कॉलेजात किंवा नोकरीत असलेल्यांना शनिवार सोयीचा. दोघं एकाच सुनावणीत भांडले की कमिटी बिल बाजूला ठेवून मोकळी.

बिलाच्या शेवटी अंमल कधीपासून ते कलम असतं, तेही एप्रिलशी ताडून बघा, शिकारीच्या लायसन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं.

पुढचं रुटीन. कमिटी, तीन वेगळ्या दिवशी वाचन, हाऊसमध्ये (खालच्या सभागृहात) 203 पैकी 102 मतं, मग सिनेटमध्ये तेच सगळं, 50 पैकी 26. सम वर्षाच्या 30 नोव्हेंबरला सेशन संपलं की अडकलेलं बिल मेलं, परत पहिल्यापासून. गव्हर्नरकडे साधारण 10 दिवस, सही नाही आणि व्हेटोही नाही तर आपोआप कायदा होतो, तेव्हा सहीच्या फोटोची वाट बघत बसू नका.