शेव्हेल खरंच ‘एलएस६’ आहे का, हे कसं तपासावं

१९७० ची शेव्हेल एसएस ४५४ (शेवरलेच्या शेव्हेल गाडीची दमदार ‘एसएस’ आवृत्ती) बघायला गेलात की ‘गाडी कारखान्यातूनच एलएस६ निघालीये’, म्हणजे तिच्यात एलएस६ हे इंजिन मुळातूनच आहे, हे ऐकायला मिळतं. ४५० हॉर्सपॉवरच्या या इंजिनाच्या जेमतेम ४,४७५ गाड्या निघाल्या. ३६० हॉर्सपॉवरच्या एलएस५ला किंवा साध्या मालिबूला (शेव्हेलचंच एक मॉडेल) एलएस६चं रूप दिलं, तर किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणून सांगोवांगीवर एक डॉलरही देऊ नका.

आधी डॅशबोर्डवरचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. तो १३६ने सुरू व्हायला हवा. १३५ निघाला तर गाडी सहा सिलिंडरची होती, तपासणी तिथेच संपली. पण १३६ निघाला म्हणून एसएस सिद्ध होत नाही, त्याचा अर्थ फक्त व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची, मालिबू. ‘एसएस व्हीआयएनमध्ये दिसतं’ हा समज १९६६ ते १९६८च्या गाड्यांवरून आलाय. तेव्हा एसएस ३९६ ही वेगळी मालिका होती आणि तिचा नंबर १३८ने सुरू व्हायचा. १९६९पासून एसएस हे ऑप्शन पॅकेज झालं. इंजिनाचं अक्षर तर शेवरलेच्या व्हीआयएनमध्ये १९७२ला आलं.

मग कागद. बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. तिच्यावरचा व्हीआयएन गाडीशी जुळवा. बनावट शीटही विकत मिळतात, त्यामुळे पिवळा पडलेला कागद बघून भुलू नका. जाहिरात हा तर पुरावाच नव्हे: १९७०साठी एलएस७ इंजिन जाहीर झालं होतं, पण ते बसवलेली गाडी शोरूममध्ये कधीच विकायला आली नाही. ‘१९६९ची फॅक्टरी एसएस ४२७’ही अशीच. त्या वर्षीच्या ४२७ शेव्हेल कोपो नावाच्या खास ऑर्डरवर निघाल्या आणि त्यांच्यावर एसएसचे बिल्ले नव्हते. (फोर्डवाल्यांना कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो, पाँटिऍकवाल्यांना पीएचएस या संस्थेकडची तशीच कागदपत्रं. शेव्हेलवाल्यांना लोखंडच वाचावं लागतं.)

आता खरं अवघड काम. पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे, इंजिन ब्लॉकची एक सपाट पट्टी उघडी असते, बऱ्याचदा अल्टरनेटरआड लपलेली. हाच पॅड. त्यावर ‘टी०४०९सीआरव्ही’ अशा धर्तीचा शिक्का असतो. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, पुढे ९ एप्रिल ही जुळणीची तारीख आणि सीआरव्ही हा एलएस६चा एक कोड. गाडीच्या व्हीआयएनचा शेवटचा भागही ब्लॉकवर ठोकलेला असतो.

अक्षरं कुणीही ठोकू शकतं. बघायचा तो त्यांच्याखालचा धातू. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कारखान्यात ब्रोचिंग मशीनवर (धातू तासून सपाट करणारं यंत्र) कापायचे, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटायच्या. शिक्का त्यांच्यावर बसायचा. जुना नंबर घासून नवा ठोकला की या रेघा जातात.

सुरुवातीच्या काळात एका मित्राच्या गाडीचा पॅड मी ड्रिलला वायर ब्रश लावून साफ केला. दोन मिनिटांत पॅड लख्ख झाला आणि रेघा गेल्या. शिक्का अस्सल असणार असं मला आजही वाटतं, पण ते आता कुणालाच दाखवता येणार नाही. मित्र काही बोलला नाही. ती गोष्ट मला अजून सलते. म्हणून सांगतो: वायर ब्रश नाही, सँडपेपर नाही, स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, ब्रेक क्लीनर मारा, रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावून थांबा, प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढा, सुती फडक्याने पुसा. ‘जरा घासलं की स्पष्ट दिसेल’ म्हणणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.

टॉर्च पॅडला जवळजवळ टेकवून आडवी धरा. वरून पडलेल्या उजेडात रेघा दिसतच नाहीत; याच कारणाने मी कितीतरी चांगल्या पॅडवर उगाच संशय घेतला होता. दोन-तीन कोनांतून फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा.

रेघा नसल्या म्हणजे लबाडी झालीच, असंही नाही. पॅड हेडच्या बैठकीच्याच पातळीत असतो. इंजिन उघडून ब्लॉकचा वरचा भाग मशीनवर सपाट केला असेल, तर रेघा आणि मूळ शिक्का दोन्ही प्रामाणिकपणे गेलेले असतात.

शेवटी तारखा: आधी ब्लॉक ओतल्याची, मग इंजिन जुळवल्याची, मग गाडी बांधल्याची. हा क्रम उलटा निघाला तर इंजिन त्या गाडीचं नाही. ३९६३५१२ हा कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच उमटलेला) दाखवून कुणी एलएस६ म्हणालं तर ऐकू नका, तोच ब्लॉक एलएस५लाही होता.

रेघा गेलेल्या आणि बिल्ड शीट नाही, अशी गाडी आवडली तर खुशाल घ्या, पण भाव साध्या व्ही८ मालिबूच्या हिशेबाने बोला.