डीएमए बफरच्या शेजारी काय ठेवताय ते बघा

प्रोसेसरमधली कॅश (रॅममधल्या डेटाची जवळची, वेगवान प्रत) लिनक्स कर्नल सांभाळतो हा समज आधी काढून टाका. कुठली लाइन, म्हणजे कॅशमधला ठराविक मापाचा तुकडा, ठेवायची, कुठली हाकलायची हे हार्डवेअर ठरवतं. कर्नलवर काम पडतं ते मोजक्या ठिकाणी: मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा असलेलं पेज टेबल बदललं की टीएलबीतली, म्हणजे त्या नकाशाच्या कॅशमधली, जुनी नोंद काढणं, आर्मवर मेमरीत नवा कोड लिहिला की इन्स्ट्रक्शन कॅश रद्द करणं, आणि डीएमए, म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहिणं-वाचणं. पहिली दोन कामं ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या वाट्याला क्वचित येतात. तिसरं रडवतं.

समजा स्ट्रक्टमध्ये 4 बाइटचा फ्लॅग आहे, लगेच पुढे 512 बाइटचा बफर. लाइन 64 बाइटची, स्ट्रक्ट तिच्या सुरुवातीला बसलेलं. म्हणजे फ्लॅग आणि बफरचे पहिले 60 बाइट एकाच लाइनीत. डिव्हाइसकडून डेटा घ्यायला डीएमए_मॅप_सिंगल करून बफर त्याच्या हवाली केलात, कर्नलने कॅश रॅमशी जुळवून दिली. इथवर ठीक. ट्रान्सफर चालू असताना कुठल्याशा फंक्शनने फ्लॅग 1 केला. फ्लॅग कॅशमध्ये एकटा येत नाही, जुने 60 बाइट घेऊन येतो, आणि अख्खी लाइन डर्टी होते, म्हणजे रॅममध्ये उतरवायची बाकी राहते. तिकडे डिव्हाइस नवा डेटा थेट रॅममध्ये लिहितंय. पुढे ही लाइन रॅममध्ये उतरली की नव्यावर जुनं चढतं. अनमॅप करताना ती न उतरवता रद्द झाली, तर डेटा शाबूत राहतो पण फ्लॅग परत 0.

एक्स86 वर हे दिसणारच नाही, तिथे डीएमए आणि कॅशचा मेळ हार्डवेअर घालतं. बग असा मेळ न घालणाऱ्या, बहुधा आर्मच्या, बोर्डावरच निघतो, आणि मध्ये प्रिंट टाकला की वेळेचं गणित बदलून गायबही होतो. तेव्हा तुमचं डोकं फिरलेलं नाही.

'व्होलाटाइल लाव' असं सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. सी भाषेतला तो शब्द कंपायलरला कळतो, कॅशला नाही. सगळीकडे कोहेरंट बफर, म्हणजे सीपीयू आणि डिव्हाइस दोघांना कायम सारखीच दिसणारी मेमरी, हीसुद्धा पळवाटच. अशा बोर्डांवर ती मेमरी बहुधा कॅशबाहेर असते, मोठा डेटा वाचताना सीपीयू रखडतो. डिव्हाइसला बफरचे पत्ते सांगणाऱ्या छोट्या यादीपुरती, म्हणजे डिस्क्रिप्टर रिंगपुरती, ती ठेवा. बफर वेगळ्या केमॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागणारं फंक्शन) घ्या, स्ट्रक्टमध्ये फक्त पॉइंटर; मग फ्लॅग आणि बफर एका लाइनीत येत नाहीत. बफर स्टॅकवर तर कधीच नाही.

कर्नलचा डीएमए डीबग पर्याय स्टॅकवरचा बफर किंवा ट्रान्सफरची चुकलेली दिशा पकडतो, शेजारच्या फ्लॅगवरचं हे लिखाण नाही. त्यासाठी मॅप करण्याआधी, नंतर नव्हे, बफरच्या प्रत्येक बाइटमध्ये 170 हा आकडा भरून ठेवा. पहिल्या 60 बाइटांत 170 तसाच आणि पुढे ताजा डेटा दिसला, तर डिव्हाइसला दोष देऊ नका.