हीच पैठणी जांभळ्यात कशी दिसेल?

येवल्याच्या मागांवरून पैठण्या घेऊन मी फोनवर विकते. "ताई, हीच जांभळ्यात दाखवा ना," असा मेसेज आला की पूर्वी फोटोतला रंग बदलणारा ह्यूचा स्लायडर सरकवून दोन मिनिटांत फोटो धाडायचे. मग एक साडी परत आली. फोटोतला जांभळा सपाट होता आणि हातातली साडी घडीघडीला लाल मारत होती. अहो, धूपछावच ती, हलवली की रंग बदलणारी! ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा; बाणा, म्हणजे आडवा, दुसऱ्या. तेव्हापासून फोटोत मी कापड रंगवत नाही, धागे रंगवते.

फोटो पांढऱ्या किंवा फिक्या साडीचाच घ्या. काळ्या चंद्रकळेवरून लिंबू रंग काढायला गेलात तर पोत जाऊन नुसते ठिपके उरतात. खिडकीचा तिरपा उजेड, फ्लॅश बंद, कडेला ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा करडा पुठ्ठा. ज्या रंगांत दाखवायचंय त्या रेशमाच्या लड्याही त्याच उजेडात टिपून ठेवा.

फोटो सुधारायला मी जिंप हे सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे. लेव्हल्समधल्या करड्या पिपेटने (रंग उचलायच्या नळीने) कार्डावर टिचकी मारली की उजेडाचा पिवळेपणा जातो. फोटोच्या थराची (लेयरची) प्रत काढून ती डीसॅच्युरेट करा, म्हणजे करडी होते. आता उजेड कमीजास्त करणाऱ्या कर्व्ह्जने साडीच्या अंगाचा उजेड २२० च्या आसपास आणा (० काळा, २५५ पांढरा). ही पायरी गाळली की रंग मळकट येतो, कारण पुढे थर मिसळायला वापरायचा मल्टिप्लाय मोड गुणाकार करून २५५ ने भागतो: १२८ च्या करड्यावर २०० चा लाल टाकलात तर हाती १०० च लागतो.

त्यावर दोन थर: खाली ताण्याचा रंग, वर बाण्याचा. दोन्ही लडीवरून उचला, पण पिपेटला सरासरी घ्यायला लावून. एका पिक्सेलवर भरवसा नको. दोन्ही एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला मल्टिप्लाय द्या. बाण्याच्या थराला मास्क म्हणून (पांढरं तिथे थर दिसतो, काळं तिथे झाकतो) तीच करडी प्रत चिकटवा आणि थोडी ब्लर, म्हणजे धूसर, करा, म्हणजे उजळ घडीवर बाणा दिसतो, सावलीत ताणा. खरी धूपछाव बघण्याच्या कोनावर असते, उजेडावर नाही. ही लबाडीच, पण डोळ्याला चालते.

सोनेरी जरीचा भाग मात्र रंगू देऊ नका. मूळ फोटोची प्रत सगळ्यात वर ठेवून मास्कने फक्त काठ, पदर आणि बुट्ट्या उघड्या ठेवा. बुट्ट्या रंगावरून निवडता येतात. अंगच पिवळसर असेल तर पाथ टूलने, म्हणजे कडेने रेघ आखत, एकेक कोरत बसावं लागतं. माझी अख्खी दुपार जाते.

रेशमाची चमक मेलेली वाटली तर करड्या प्रतीचे फक्त उजळ भाग वर उजळवणाऱ्या स्क्रीन मोडमध्ये ठेवा, २०-३० टक्के अपारदर्शकतेवर.

पाठवण्याआधी फोटो लहान केला की विणीवर कधीकधी लाटा उमटतात. तसं झालं तर आधी किंचित ब्लर करून मग लहान करा. आणि फोटोसोबत लडीचाही फोटो जोडा. गिऱ्हाईक तोच मोठा करून बघतं.