'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'ची उत्तरं लिहिताना या चुका टाळा

आधीच सांगतो, खाली शेवटासकट सगळं फुटणार आहे. आर्थर कॉनन डॉयलची ही शेरलॉक होम्स या गुप्तहेराची कादंबरी वाचली नसेल तर आधी ती वाचा, सारांशावर उत्तरं ठोकणाऱ्यांमुळेच हे लिहायची वेळ आलीये.

डोकं फिरवणारा प्रश्न म्हणजे बुटांचा. लंडनच्या हॉटेलातून बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री याचा नवा तपकिरी बूट जातो, मग तो सापडतो आणि जुना काळा गायब होतो, असं का? आमच्या वाचन गटात एकाने छातीठोकपणे सांगितलं, 'घाबरवायला', दुसऱ्याने री ओढली, मग घाबरवणारा कोण यावर दोघं बराच वेळ भांडले, पण नवा बूट परत का आला हे एकालाही सांगता येईना. अरे, तो बूट एकदाही पायात घातलेला नव्हता! त्याला माणसाचा वास नाही, आणि खुनी स्टेपलटन सर हेन्रीवर जो कुत्रा सोडणार असतो त्याला माग काढायला वासच लागतो. कुत्रा खराखुरा आहे, भूतबित नाही, याची होम्सला खात्री पटते ती यावरूनच. शेवटी काळा बूट ग्रिम्पेनच्या दलदलीत सापडतो. मी तर असल्या प्रश्नात चोरीपेक्षा परतीकडेच आधी बघतो.

दुसरी चूक, गोष्ट सांगणारा होम्सचा मित्र वॉटसन म्हणाला म्हणजे खरं. 'वॉटसन सर हेन्रीसोबत बास्करव्हिल हॉलमध्ये असताना होम्स कुठे होता?' याला निम्मे लोक 'लंडनमध्ये' लिहितात, कारण वॉटसनला तसंच वाटतं आणि तो पत्रंही होम्सच्या लंडनच्या घरी, बेकर स्ट्रीटलाच पाठवतो. होम्स मात्र तिथल्याच डार्टमूरच्या माळरानावर, दगडी झोपडीत लपलेला, पत्रं तिकडून फिरून त्याच्याकडे येतायत. बारा प्रकरणं वाचायचा धीर नसेल तर हे कळणार कसं? माझी सवय अशी की प्रश्न आला की समासात लिहायचं, हे कोण सांगतंय आणि त्याला तेव्हा काय माहीत होतं.

बाकीच्या पटापट. बेरिल ही स्टेपलटनची बहीण नाही, बायको. बास्करव्हिल हॉलचा नोकर बॅरीमोर रात्री खिडकीत मेणबत्ती दाखवतो ती बायकोच्या भावाला, तुरुंगातून पळालेल्या सेल्डनला, खुनाशी त्याचा संबंध नाही. सेल्डन मेला कारण अंगावर सर हेन्रीचे जुने कपडे होते, परत वासच.

आणि 'मेलेला होम्स या कादंबरीत परत येतो' हे तर प्लीज लिहू नका. 1893च्या कथेत तो गेला, ही कादंबरी 1901-02मध्ये स्ट्रँड मासिकात आली हे खरं, पण हे प्रकरण होम्सकडे आणणाऱ्या डॉक्टर मॉर्टिमरच्या काठीवर 1884 आहे आणि होम्स त्याला पाच वर्षं झाली म्हणतो, म्हणजे गोष्ट 1889ची, तेव्हा तो मेलेलाच नव्हता. परत आला तो 1903च्या कथेत.