तीन मापं दिली, पण त्रिकोण होतो का? हे कसं तपासावं

परवा शेजारचे काका एक चिठ्ठी घेऊन आले. नाशिकमध्ये मखमलाबादकडे जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा त्यांच्या मनात भरला होता. चिठ्ठीवर तीन बाजू लिहिलेल्या: ११८ फूट, ६४ फूट, ५१ फूट. "एवढं क्षेत्रफळ काढून दे रे." तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र लावलं, तर वर्गमुळाखाली उणे संख्या आली. आकडेमोड दोनदा तपासली, ती बरोबर होती. या मापांचा त्रिकोणी तुकडा नाशकातच काय, कुठल्याच सपाट जमिनीवर निघणार नाही.

हे ओळखायला सूत्राचीही गरज नव्हती. कसं, ते पायरीपायरीने बघू. त्याआधी सगळी मापं एकाच एककात आणा. फुटांत "५.६" लिहिलं असेल तर ते साडेपाच फूट (म्हणजे ५ फूट ६ इंच) की खरोखर ५.६ फूट, हे लिहिणाऱ्यालाच विचारून घ्या.

पायरी १: तीन बाजू दिल्या असतील तर

सगळ्यात मोठी बाजू बाजूला ठेवा. उरलेल्या दोन मिळवा. बेरीज मोठीपेक्षा जास्त आली तर त्रिकोण होतो, नाहीतर नाही. काकांच्या चिठ्ठीत ६४ + ५१ = ११५, आणि मोठी बाजू ११८. संपलं.

शाळेत नियम शिकवतात तो "कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी" असा, म्हणून मुलं तीन-तीन बेरजा मांडत बसतात. त्यातल्या दोन फुकट असतात. मोठ्या बाजूत काहीही मिळवलं तरी ते उरलेल्या बाजूपेक्षा जास्तच होणार, ते कशाला तपासायचं?

पटत नसेल तर खराट्याच्या काड्या घ्या. १० सेंमीची एक काडी टेबलावर आडवी ठेवा, तिच्या एका टोकाला ४ ची आणि दुसऱ्या टोकाला ५ ची टेकवा. दोन्ही काड्या आत कितीही झुकवा, टोकं भेटत नाहीत. ५ च्या जागी ६ ची घेतली तर टोकं भेटतात खरी, पण तिन्ही काड्या एकावर एक आडव्या होतात. बेरीज बरोबर सारखी आली की हेच होतं: नाशिक-निफाड, निफाड-येवला आणि नाशिक-येवला ही नाशिक-येवला रस्त्याने मोजलेली अंतरं घ्या. निफाड वाटेतच लागतं, म्हणून पहिली दोन अंतरं मिळून तिसरं होतं. तो त्रिकोण नाही, ती रेघ आहे.

युक्लिडने हा नियम रीतसर सिद्ध केला म्हणून ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी टर उडवायचे, की एवढं तर गाढवालाही कळतं, ते चाऱ्याकडे सरळ रेषेतच जातं! गाढवाला कळतं, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दोनच बाजू माहीत असतील तर तिसरी त्यांच्या वजाबाकीपेक्षा मोठी आणि बेरजेपेक्षा लहान हवी. ७ आणि १० असतील तर तिसरी ३ ते १७ च्या मध्ये. पूर्ण सेंटिमीटरच घ्यायचे म्हटलं तर ४ पासून १६ पर्यंत, म्हणजे १३ पर्याय.

पायरी २: कोन दिले असतील तर

तिन्ही कोनांची बेरीज १८०° हवी. ९५° आणि ९०° एकाच त्रिकोणात बसत नाहीत, तिसऱ्याला जागाच उरत नाही. फक्त कोन दिले तर आकार ठरतो, माप ठरत नाही: हाताएवढा काढा नाहीतर मैदानाएवढा. दोन कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी असेल आणि सोबत एक बाजू दिली असेल (कोबाको किंवा कोकोबा), तर त्रिकोण नक्की होतो. दोन बाजू आणि त्यांच्यामधलाच कोन दिला (बाकोबा) तरी तसंच. इथे वेळ घालवू नका.

पायरी ३: दोन बाजू, पण कोन मधला नाही

खरी गंमत इथे आहे, आणि चुकाही इथेच होतात. कोन अ ३०°, बाजू अक ८ सेंमी आणि कोनासमोरची बाजू बक दिली आहे, असं समजा. अक काढा आणि अ पासून तिच्याशी ३०° चा कोन करणारा एक किरण काढा. क वर कंपासचं टोक ठेवून बक एवढा कंस मारा. तो किरणाला जिथे छेदेल तिथे ब.

आता क पासून किरणावर लंब टाका. ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणून लंब ४ सेंमी. बक ३ सेंमी असेल तर कंस किरणापर्यंत पोचतच नाही. ४ असेल तर नुसता टेकतो, एक काटकोन त्रिकोण मिळतो. ५ असेल तर कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो आणि दोन वेगळे त्रिकोण तयार होतात, एकात अब साधारण ३.९ सेंमी, दुसऱ्यात ९.९. बक ८ किंवा त्याहून मोठी असेल तर पुन्हा एकच. म्हणजे उत्तर "नाही", "एक" किंवा "दोन", तिन्ही असू शकतं. म्हणूनच एकरूपतेच्या कसोट्यांत "बाबाको" नाही.

दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर काम सोपं: समोरची बाजू दुसरीपेक्षा मोठी हवी, तरच त्रिकोण, आणि एकच.

पायरी ४: गरजेपेक्षा जास्त माहिती असेल तर

मोठ्या बाजूसमोर मोठा कोन आहे का, ते पाहा. ५, ६, ७ बाजूंच्या त्रिकोणात कुणी काटकोन लिहिला असेल तर मोठ्या बाजूच्या वर्गाची, ४९ ची, उरलेल्या दोन वर्गांच्या बेरजेशी, २५ + ३६ = ६१ शी, तुलना करा. काटकोन असता तर दोन्ही सारखे आले असते. मोठ्या बाजूचा वर्ग कमी आला, म्हणजे सगळे कोन लघुकोन.

काकांच्या चिठ्ठीचं कोडं मात्र अक्षरात होतं. ज्याने लिहिलं त्याचा १ आणि ९ सारखाच दिसत होता. ५१ नसून ते ५९ होते. ५९ + ६४ = १२३, त्रिकोण झाला. क्षेत्रफळ सुमारे १०२३ चौरस फूट आलं, गुंठ्याला (१०८९) थोडं कमी. पण बेरीज मोठ्या बाजूच्या इतकी जवळ असली की त्रिकोण फार चपटा असतो. ११८ फुटी पायावर याची उंची सव्वासतरा फुटांच्या आसपासच. अशा तुकड्यात ५९ च्या जागी ५८ घेतले तर क्षेत्रफळ ९१३ वर येतं. एका फुटाला एकशेदहा चौरस फूट. काका टेप घेऊन पुन्हा मखमलाबादला गेले.